माझ्या बयचं जेवण तू लिहिलंस

शैला,

नाक्यावर तुझा फ्लेक्स लागला आहे. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी लावलाय म्हणे. फोटो तुझ्या पुतणीच्या लग्नातला, म्हणजे केस रंगवलेले आणि गळ्यात मोत्यांची माळ, जी तू आयुष्यात त्या एकाच दिवशी घातलीस. खाली लिहिलंय, 'हसतमुख, मनमिळाऊ, प्रेमळ शिक्षिका'. मी रिक्षा थांबवून ते नीट वाचलं. एकही शब्द खरा नाही. तू हसलीस की समोरच्याला आपलं काय चुकलं ते तपासावं लागायचं. मनमिळाऊ तर तू सख्ख्या भावाशीही नव्हतीस. आणि प्रेमळ? दहावीच्या मुलींच्या निबंधातली 'रम्य पहाट' तू लाल पेनानं अशी खोडायचीस की मागच्या पानावर भोक पडायचं. मला तिथं उभ्या उभ्या हसू आलं आणि हसता हसता रडू कोसळलं.

"पहचानवाली थी क्या, मॅडम?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"हां," मी म्हटलं. "बहुत खराब औरत थी."

त्या बिचाऱ्यानं घाईघाईनं रिक्षा सुरू केली.

काल वाचनालयात तुझी शोकसभा झाली. मला बोलायला सांगितलं होतं, मी नाही म्हणून कळवलं. तिथं बोलणाऱ्यांनी तुझ्या लेखणीचं कौतुक केलं, तुझ्या वर्णनशक्तीवर तर एक गृहस्थ बराच वेळ बोलले. त्यांच्यावर तू एक अख्खी कथा लिहिली होतीस आणि त्यांना ती त्यांच्या शेजाऱ्यावर वाटली होती. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. मला जे बोलायचंय ते शोकसभेत बोलण्यासारखं नाही, ते तुझ्याशीच बोलायला हवं. आणि तू मेलीस म्हणून मी ते गोड करून सांगणार नाही.

आपली ओळखच मुळी अपमानानं झाली. दोघी एकाच शाळेत मराठी शिकवायचो, पण तू वरिष्ठ, छापून येणारी लेखिका, आणि मी नुकती नोकरीला लागलेली. माझी पहिली कथा मी तुला भीत भीत वाचायला दिली. तिची सुरुवात संध्याकाळच्या केशरी आभाळानं होत होती आणि त्यात घरट्याकडं परतणारे पक्षीही होते. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर, तू विचारलंस, "कामतघरला राहतेस ना तू? तुझ्या खिडकीतून काय दिसतं?"

"समोरच्या कारखान्याचा पत्रा," मी म्हटलं.

"मग हे पक्षी कुठनं आणलेस?"

"कथेत वातावरण लागतं ना, बाई."

"वातावरण तुझ्या घरात पडलंय की ढीगभर. सकाळी दुधावर काय बसतं?"

"साय."

"आणि?"

मी जरा विचार केला. "रुई," मी म्हटलं. आमच्या घराखालीच आमचे कापडाचे लूम. कापसाचे बारीक तंतू जिन्यावरून वर यायचे आणि झाकण जरा सरकलं की दुधावर बसायचे. ते बोटानं उचलून टाकायची इतकी सवय झाली होती की ते आपण करतो हेही माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं.

"मग ते लिही," तू म्हणालीस. "बाई बोटानं दुधावरची रुई काढते, बोट पदराला पुसते आणि तेच दूध पोराला देते. एवढ्यात गाव कळतं, घर कळतं, बाई कळते. आभाळ कशाला हवंय?" आणि कथा परत देताना वर म्हणालीस, "बाकी कथा टाकाऊ आहे."

मी घरी जाऊन रडले. मग ती रुई लिहिली. माझी छापून आलेली पहिली कथा त्या रुईमुळं छापून आली, हे मी तेव्हाही कबूल केलं होतं आणि आताही करते.

अकलोलीला आपण शाळेतल्या सगळ्याजणी गेलो होतो ते आठवतं? गरम पाण्याच्या कुंडावर बसून मी म्हटलं, या पाण्याचं वर्णन कसं करावं कळत नाही, 'कढत' लिहावं की 'चटके देणारं'. तू माझी पोटरी धरलीस आणि पाय पाण्यात घातलास. घातलास आणि तसाच आत दाबून ठेवलास. मी किंचाळले. शेजारी नहाणारी एक खेड्यातली बाई हसून आपल्या सोबतिणीला म्हणाली, "शेरातली हाय वाटतं." मी वडप्याची, शेतकऱ्याच्या घरातली, आणि मला ती शहरातली म्हणाली. पायापेक्षा ते जास्त झोंबलं. तू शांतपणे म्हणालीस, "आता किती वेळ टिकलीस, तोंडातून काय निघालं आणि ही बाई काय म्हणाली ते लिही. पाणी आपोआप गरम होईल." पोटरीवर तुझ्या बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत होते. अशी तू शिकवायचीस.

आपलं वाचन भारनियमनावर चालायचं. एरवी माझ्या घरात कथा वाचणं शक्यच नव्हतं. खाली दोन शिफ्टमध्ये लूम चालू, वर भांडी हलायची, एकमेकांशी बोलायचं तर ओरडूनच. लाइट गेली की सगळी गल्ली एकदम थांबायची. कामगार ओट्यावर येऊन बिड्या पेटवायचे, बायका लाइटवाल्यांच्या नावानं बोटं मोडायच्या, माझे यजमान माल वेळेवर जाणार नाही म्हणून कपाळाला हात लावून बसायचे. आणि तू मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन खूश होऊन जिना चढायचीस. खिडकीपाशी उजेडात बसून आपण एकमेकींना वाचून दाखवायचो. लाइट आली की वाक्य अर्ध्यात तुटायचं, आणि उरलेली कथा पुढच्या वेळी.

फक्त एक गोष्ट आपण दोघीही विसरायचो. आपल्या गावात लूम थांबले तरी माणसांचा आवाज खाली येत नाही. आयुष्यभर यंत्रावरून ओरडून बोललेली माणसं आपण. गल्लीत सगळं शांत झालेलं असायचं आणि तू भर वर्गात शिकवावं तशी वाचायचीस. बाहेरच्या कुणालाही हे पटणार नाही, पण भिवंडीत ज्याचं गुपित फुटतं त्याचं लाइट गेल्यावरच फुटतं.

आता बयकडं येते. आमच्याकडं आईला बय म्हणतात, आणि तूही माझ्या आईला बयच म्हणायचीस. वडप्याच्या आमच्या शेतांवर गोडाऊन उभी राहिली, हायवेवरचे ट्रक दारात येऊन लागायला लागले, तशी ती माझ्याकडं राहायला आली. जुन्या गावातलं तुझं घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. तुझे आजोबा कचेरीत, वडील मास्तर. पहिला मासा तू माझ्या घरी, बयच्या हातचा खाल्लास आणि भावाला कळू नये म्हणून जाताना बडीशेप चघळत गेलीस. बय तुला आधी लहान पोराला द्यावेत तसे काटे काढून द्यायची. मग तिनं शिकवलं.

"शैले, जिभेनं सोध काटा, बोटानं न्हाय. बोटाला काय कलतंय?"

तू शिकलीस. पाला मासा, ज्यात काटेच काटे, आमच्यातल्यांनाही नीट खाता येत नाही, तो तू बयच्या शेजारी मांडी घालून खायचीस. ती आधी तुझ्या ताटात वाढायची, मग माझ्या. मला त्याचा थोडा राग यायचा हेही सांगून टाकते.

आणि मग त्या दिवशी लाइट गेली आणि तू ती कथा घेऊन आलीस.

बय फळ्यांच्या भिंतीपलीकडं, स्वयंपाकघरात आडवी झाली होती. झोपलीय असं मला वाटलं. तू वाचायला लागलीस. तो परिच्छेद मला पाठ आहे, नको असताना पाठ आहे.

'म्हातारी ताटावर बसली की घरातली माणसं तिच्या लेखी उठून गेलेली असत. मासा ती अख्खा तोंडात सारी. ओठ मिटत, गाल आत जात, आणि तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून एकेक काटा बाहेर येई, स्वच्छ, कोरडा. तो ती ताटाच्या कडेला ओळीनं लावी. स्वतःचं संपलं की हात ताटावर थांबे, पण डोळे पुढं जात. जावयाच्या ताटात, नातवाच्या ताटात, कुणी काय टाकलंय ते बघत. मुलगी उष्टी ताटं उचलायला आली की म्हातारी म्हणे, ठेव गो, मांजरीला घालते. घरात मांजर नव्हती.'

माझ्या अंगावर काटा आला. कारण आमच्या घरात मांजर नव्हती. बय रोज ते म्हणायची, मी रोज ताटं तशीच ठेवून शाळेला निघायचे, आणि माझ्या डोक्यात कधीही आलं नव्हतं की आपल्याकडं मांजर कुठाय. किती सुंदर लिहिलं होतंस, शैला. मला तुझा गळा दाबावासा वाटला आणि तुझे हातही धरावेसे वाटले.

पुढच्या वाक्यात लाइट आली. खाली लूम सुरू झाले, तू कागद मिटलेस आणि यंत्रांवरून ओरडलीस, "कसं वाटलं?" तेवढ्यात आतून बय आली. हातात दोन कप चहा. एक तुझ्यापुढं ठेवला, एक माझ्यापुढं. मग तुझ्या तोंडाकडं जरा वेळ बघितलं आणि आत गेली.

"ऐकलं वाटतं तिनं," तू म्हणालीस. चेहरा जराही उतरला नाही तुझा. चहाचा घोट घेऊन म्हणालीस, "ओळखलं असेल तर जमलं म्हणायचं."

त्या रात्री ताटं वाढल्यावर बय म्हणाली, "तुमी जेवा. माजं मागना."

त्यानंतर ती आमच्यासोबत जेवली नाही. सगळ्यांचं उरकलं की स्वयंपाकघराचं दार लोटून, भिंतीकडं तोंड करून, चार घास भात आणि ताक. मासा तर सोडूनच दिला. आम्हाला करून घालायची, वास घेत तव्यासमोर बसायची, पण स्वतः तोंडात घालायची नाही. वडप्याला नात्यातल्या एका लग्नात पंगतीला बसली नाही, पोट बिघडलंय म्हणाली. अंगावरचं पोलकं ढगळ व्हायला लागलं. ज्या बाईनं सगळं आयुष्य भातलावणीच्या चिखलात काढलं आणि दिवसाचं एकच सुख जाणलं, ते म्हणजे संध्याकाळचं जेवण, ते सुख तू तिच्याकडून काढून घेतलंस. आणि तेही एकही खोटा शब्द न वापरता.

एकदा तिनं मला विचारलं, "खाताना माजं तोंड तसं दिसतं का गो?"

"न्हाय बय," मी म्हटलं.

"मंग तिला कसं दिसलं?" आणि जरा थांबून म्हणाली, "नि मांजरीचं कशाला सांगायचं सगल्यांना?"

मी तडक तुझ्याकडं आले. कथा अजून छापायला गेली नव्हती. नाव बदल, गाव बदल, म्हातारीचा म्हातारा कर, असलं काहीच मी मागितलं नाही. एवढंच म्हटलं, मांजर काढ.

तुझं उत्तर मी कधीच विसरणार नाही. "मांजर काढली तर नुसती खादाड म्हातारी उरते," तू म्हणालीस. "मांजर आहे म्हणून तिला लाज आहे. लाज आहे म्हणून ती माणूस आहे. तुला आईचा मान ठेवायचा असेल तर मांजर राहू दे."

"मान कागदावर ठेवतेस. घरात ती भिंतीकडं तोंड करून जेवते."

"मी तिच्याकडं जेवढं बघितलंय ना, तेवढं तू जन्मात बघितलं नाहीस. सांग, ती उष्टी ताटं घेऊन कुठं बसायची?"

मला माहीत नव्हतं.

"जिन्याखाली," तू म्हणालीस. "सुताच्या कोनांच्या गोणींमागं. तू शाळेला गेल्यावर. मी एकदा लवकर आले होते."

"मग एकदा येऊन तिच्याशी बोल. दोन शब्द."

"काय बोलू? खोटं लिहिलं म्हणू?"

आणि आली नाहीस. कथा दिवाळी अंकात आली, गाजली, तुला कुठल्याशा संस्थेचं पारितोषिक मिळालं. समीक्षक म्हणाले की एका जेवणातून अख्खं आयुष्य उभं केलं आहे. ते खरंच होतं. पुढं बरेच महिने मी तुझ्याशी शाळेच्या कामापुरतंच बोलले. मग मीच परत आले, कारण माझं लिहिलेलं वाचून तोंडावर 'टाकाऊ' म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं आणि बाकीच्यांच्या 'छान' नं मला मळमळायला लागलं होतं. पण माझ्या घरी तुला पुन्हा बोलावलं नाही. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात वाचायचो आपण. बयला ते ठाऊक होतं. तुझं नाव निघालं की ती उठून आत जायची.

आपलं ते भांडण मिटलं नाही. खरं वर्णन लिहायचा हक्क कुठं संपतो, यावर तू म्हणायचीस, संपतच नाही. मी म्हणायचे, ज्याच्या हातचं खाल्लं त्याच्या ताटापाशी संपतो. तू म्हणायचीस, मग लेखकानं उपाशी राहावं. असं म्हणून तू हसायचीस, आणि मला वाटायचं, हिला एकदा उपाशी ठेवावं कुणीतरी.

तुझ्या अन्ननलिकेत गाठ निघाली ते तू मला रिकाम्या वर्गात सांगितलंस. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते ऐक. 'बरं झालं' असं आलं. मग बाकीचं सगळं आलं, रात्रभर डोळा लागला नाही, पण पहिल्यांदा आलं ते तेच. तुला हे सांगायला मी धजले नाही. तुला ते आवडलं असतं बहुतेक. मनात पहिलं येतं तेच लिहावं, दुसरे विचार लोकांच्या भीतीनं येतात, असं तूच सांगायचीस.

मुंबईच्या हॉस्पिटलात तुझा आवाज गेला, नुसती कुजबुज उरली. पण त्या कुजबुजीतही तुझी जीभ जागेवर होती. मुख्याध्यापक तुला भेटायला सफरचंदं घेऊन आले. जिच्या घशाखाली पाणी उतरत नाही तिला सफरचंदं! मग चूक लक्षात आली तेव्हा जाताना ती पिशवी परत घेऊन गेले. तू माझा कान जवळ ओढून म्हणालीस, "आधी पिशवीकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग परत पिशवीकडं. हे लिही कधीतरी." हसताना तुला ठसका लागला आणि नर्स मलाच ओरडली.

मग एके दिवशी विचारलंस, "मी कशी दिसते? विशेषणं नकोत."

मी तुझ्याकडं बघितलं. बघायचं कसं ते तूच शिकवलं होतंस. म्हटलं, "नाकातल्या नळीची चिकटपट्टी एका बाजूनं सुटलीय. तू दर थोड्या वेळानं ती दाबतेस. दाबून झालं की आधी दाराकडं बघतेस, कुणी पाहिलं का म्हणून."

तू डोळे मिटून पडून राहिलीस. मग म्हणालीस, "बरं आहे." तुझ्या तोंडून माझ्या लिखाणाला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी. मी जिन्यात येऊन ढसाढसा रडले.

डॉक्टरांनी तुला घरी न्यायला सांगितलं, तेव्हा मी बयला म्हटलं, "शैला आता जगत नाही."

"खाते काय ती?"

"तोंडानं काही नाही. नळीनं घालतात पातळ काहीतरी."

"तोंडानं कायच न्हाय?"

"काहीच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बय एकटीच मासळीबाजारात गेली आणि पाला घेऊन आली. कितीतरी वर्षांनी घरात पाला आला. तिनं तो तळला, तांदळाच्या भाकऱ्या केल्या, डबा भरला आणि लुगडं बदलून दारात उभी राहिली.

"मना शैलाकडं ने."

मला वाटलं, म्हातारीनं माफ केलं तुला. म्हटलं, "बय, तिला खाता येत नाही गं."

"ठाव हाय मना," ती म्हणाली.

तेव्हा मला कळलं. आणि मी रिक्षा बोलावली. मी तिला अडवलं नाही, शैला, आणि अडवायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही.

तुझ्या भावाच्या घरी तू पलंगावर होतीस, खिडकीकडं तोंड करून. बय पलंगापाशी जमिनीवर बसली नाही, खुर्ची ओढून घेतली, तुझ्या डोळ्यांच्या पातळीला येईल अशी. मांडीवर डबा उघडला. वास घरभर गेला. तुझी वहिनी धावत आली.

"अहो आजी, हे काय! आमच्याकडे हे चालत नाही!"

"तुमच्या ताटात न्हाय वाढत," बय म्हणाली. "माजं मी जेवते."

वहिनी माझ्याकडं बघायला लागली. तेवढ्यात तू हात वर केलास. नुसता एवढासा, पण ती दारातच थांबली आणि नाकाला पदर लावून उभी राहिली.

मग बय जेवली. घाई नाही. भाकरीचा तुकडा मोडला, माशाचा मोठा तुकडा अख्खा तोंडात घातला, ओठ मिटले. उजव्या कोपऱ्यातून काटे यायला लागले, एकेक. ते तिनं डब्याच्या झाकणावर लावले, ओळीनं. सगळा वेळ ती तुझ्याकडं बघत होती. तू मान वळवली नाहीस. तिनं घास गिळला की तुझा गळाही हलायचा, नळीपाशी कातडी ताणायची. तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते वेदनेनं की कशानं, मी विचारलं नाही. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. असं जेवण मी दुसरं बघितलेलं नाही.

शेवटचा घास खाऊन बयनं बोटं चाटली आणि म्हणाली, "बगलंस नीट? मंग आता लिव."

तुला पेन धरता येत नव्हतं. ते तिलाही दिसत होतं.

तू ओठ हलवलेस. मी तुझ्या तोंडापाशी कान नेला. मला वाटलं, आता तरी. आता तरी ते दोन शब्द म्हणशील, ज्यांच्यासाठी मी इतकी वर्षं तुझ्याशी भांडले. आणि तू म्हणालीस, "वास. वास लिहायचाच राहिला माझ्याकडून."

इतका संताप आला मला! मरणाच्या दारात पडलीस आणि तरी तुला तुझा परिच्छेदच दिसत होता.

"काय म्हनते?" बयनं विचारलं.

मी खोटं सांगू शकले असते. माफी मागते म्हणाले असते तर तिघींचंही निभावलं असतं. पण तुझ्यासमोर खोटं बोलायची मला सवय नव्हती. म्हटलं, "माशाचा वास लिहायचा राहिला म्हणते."

बयनं विचार केला. "म्हंजी चुकली?"

"हो."

"तिलाच इचार."

मी तुझ्याकडं बघितलं. तू 'हो' म्हणून मान हलवलीस. एकदा, आणि मग परत एकदा, बयकडं बघून. बय उठली. तुझ्या ओठांच्या कडेला लाळ आली होती, ती तिनं पदरानं टिपली, त्याच पदरानं, ज्याला नुकताच हात पुसला होता. तू डोळे मिटलेस आणि नळी असलेल्या नाकानं जेवढा घेता येईल तेवढा श्वास आत घेतलास. तो सूड होता की भेट होती, मला अजून ठरवता येत नाही. आम्ही जिना उतरतो न उतरतो तोच वर वहिनीनं उदबत्ती लावल्याचा वास आला.

त्या संध्याकाळी बय आमच्यासोबत जेवायला बसली. मी नुसतं तिचंही ताट घेतलं.

तू गेल्याचा फोन आला तेव्हा दुपार होती, लूम चालू होते, आम्ही जेवत होतो. तुझा भाऊ काय म्हणतोय ते मला दोनदा ओरडून विचारावं लागलं. फोन ठेवून मी ताटावर येऊन बसले. आता कुणाला वाचून दाखवू, एवढं एकच डोक्यात फिरत होतं. तुझा रागही कुणावर काढू ते कळेना.

"शैला गेली," मी बयला ओरडून सांगितलं.

तिचा हात ताटातच थांबला.

"कायतरी खाल्लं व्हतं का तिनं?"

"न्हाय," मी म्हटलं.

मग आपल्या ताटातला माशाचा मधला तुकडा उचलून तिनं माझ्या भातावर ठेवला.

"खा," ती म्हणाली. "रडत खाऊ नको. काटा लागंल."